पित्ताची पिशवी काढल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणा विदुषी बाईंना बोलावून त्यांचे व्याख्यान ठेवायचे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की सभासदांपैकीच एकीने आरोग्याच्या विषयावर बोलावे, आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी डॉक्टरीण नव्हे आणि नर्सही नव्हे. परंतु गेल्या वर्षी घरातल्या दुखण्याच्या निमित्ताने मला १७ दिवस दवाखान्यात बसून काढावे लागले. त्या दिवसांत डॉक्टरांना आणि सिस्टरांना जे जे विचारले ते मी एका वहीत टिपून ठेवले. त्या वहीवरूनच आज बोलणार आहे. आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना हे सगळे आधी वाचून दाखविले आहे, तेव्हा निर्धास्तपणे ऐकावे.

विषय आहे दुर्बिणीने पित्ताची पिशवी काढण्याचा, आणि त्यानंतर क्वचित उद्भवणाऱ्या त्रासांचा.

आधी एक घोटाळा दूर करते. आपल्यात ‘तिची पिशवी काढली’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गर्भाशय येते. ही पिशवी ती नव्हे. ही उजव्या बरगड्यांखाली, यकृताला चिकटून असलेली, लहानशा वांग्याएवढी पिशवी. यकृतात रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते एका नळीतून आतड्यात उतरते आणि तूप-तेल पचवायला उपयोगी पडते. जेवणाची वेळ नसते तेव्हा त्यातले थोडे या पिशवीत साठून दाट होते. म्हणजे यकृत ही विहीर, नळी हा पाट, आणि पिशवी ही पाटाच्या कडेची कुंडी. कुंडी काढून टाकली तरी विहिरीचे पाणी पाटाने जातच राहते, म्हणून या पिशवीवाचून माणूस नीट जगू शकतो. परंतु पाट फुटला तर सगळी बाग नासते. पुढचे सगळे समजायला एवढे ध्यानात असले की पुरे.

दुसरा घोटाळा ‘पित्त’ या शब्दाचा. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, कोकमाचे सरबत घेतो आणि कामाला लागतो. खड्यांचे दुखणे निराळे. जेवणानंतर, पुष्कळदा रात्री, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली कळ उठते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, आणि अर्धा तास ते काही तास राहते. बायकांत हे खडे पुरुषांपेक्षा जास्त आढळतात. बाळंतपणे, वाढलेले वजन, आणि लांबलचक उपास करून झपाट्याने उतरविलेले वजन ही त्यांची काही कारणे.

तिसरी गोष्ट अशी की मूतखडा आणि पित्ताचा खडा हे भाऊ-भाऊ नव्हेत. मूतखडा लहान असला तर भरपूर पाणी प्यायल्याने पडून जातो. पित्ताचा खडा तसा पडत नाही, आणि पडला तर तो नळीत जाऊन अडकण्याचेच भय. सफरचंदाचा रस आणि तेल पिऊन खडे पडल्याच्या गोष्टी फोनवर फिरत असतात. त्यांत पडतात ते तेलाचेच साबणासारखे गोळे. खडे जागेवरच असतात.

आता ऑपरेशनाविषयी. १८८२ साली बर्लिन शहरात लांगेनबुख नावाच्या डॉक्टरांनी पोट उघडून पहिल्यांदा ही पिशवी काढली. पुढे शंभर वर्षे हाच मार्ग होता. मोठी चीर, आठ-दहा दिवस दवाखाना, महिना-दीड महिना घरी विश्रांती. १९८५ साली जर्मनीतच डॉक्टर म्यूहे यांनी ती दुर्बिणीने काढून दाखविली. आपल्या देशात हे पहिले ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहेमतन उडवाडिया यांनी केले. आपल्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, कारण ते गोरगरिबांचे सरकारी रुग्णालय.

‘टाक्याचे’ आणि ‘बिनटाक्याचे’ हे शब्द आपल्याला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनापासून ठाऊक आहेत. हेही त्याच जातीचे. पोटात कार्बन डायॉक्साइड वायू भरून ते फुगवितात, बेंबीजवळ एक आणि वर-बाजूला तीन अशी बहुधा चार भोके पाडतात, एकातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून लांब चिमटे घालतात, आणि पडद्यावर बघत पिशवी सोडवून बाहेर काढतात. बहुतेक बाया एक-दोन दिवसांत घरी येतात. दुखणे कमी, व्रणही लहान. म्हणून हे ऑपरेशन आले ही बायकांवर मोठीच कृपा झाली, असे माझे मत आहे आणि ते शेवटपर्यंत तसेच राहणार आहे. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्याने कोणी घाबरून जाऊ नये.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचे हे ऑपरेशन गेल्या वर्षी गौरी यायच्या तीन दिवस आधी झाले. दुसऱ्या दिवशी त्या चालू लागल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी आल्या, त्याच दिवशी आमच्याकडे गौरी आल्या. खांदा दुखत होता. तो दुखतोच, आत भरलेल्या वायूने दुखतो, आणि एक-दोन दिवसांत कमी होतो. पण त्यांचे पोट दुखू लागले आणि फुगले. जेवण जाईना. दवाखान्यात फोन केला तेव्हा फोनवर कोणी होते त्यांनी ‘ग्यास असेल, गोळी द्या’ एवढेच सांगितले. सासूबाईंनी ओवा दिला. घरात पाहुणे भरलेले. दुसऱ्या दिवशी गौरींचे जेवण. जाऊबाई भिंतीला टेकून पुरण वाटायला बसल्या. मी ‘उठा’ म्हटले तर म्हणाल्या, “ताई, सगळ्यांच्या पंगती उठू द्या, मग निजते.”

रात्री त्यांना धाप लागली. अंग तापले होते आणि नाडी धावत होती. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “ताई, हे दुखणे काही निराळे आहे. कालच्यापेक्षा आज जास्त आहे.” भाऊजी म्हणत होते, सकाळी बघू. सासूबाईंनीच त्यांना सांगितले, “गौरी माझ्या आहेत, मी त्यांचे बघते. तू तिला आत्ता घेऊन जा.” पहाटेच्या आत आम्ही जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले. बाजूने बारीक नळी घातली तेव्हा हिरवट पिवळे पित्त बाहेर आले. पहिल्या दिवशीच जवळजवळ दोन लिटर. पिशवीच्या देठावर लावलेला चिमटा सैल होऊन तिथून पित्त गळत होते आणि पोटात साठत होते.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारले, “हे कोणाच्या चुकीने झाले?” ते म्हणाले, “बाई, देठातून गळती होणे चांगल्या हातांनाही चुकत नाही. झालेली गळती दोन दिवस घरात ठेवणे मात्र चुकविता येते. तुम्ही आज आलात. आणखी दोन दिवसांनी आला असता तर मी काय सांगितले असते, कोण जाणे.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. पहिल्या दवाखान्याविषयी माझ्या मनात राग नाही, असे म्हणणार नाही. परंतु तो ऑपरेशनाबद्दलचा नाही, त्या फोनबद्दलचा आहे. ऑपरेशन झालेली बाई ‘पोट वाढत्या अंगाने दुखते’ म्हणते, तेव्हा तिला बोलावून हात लावून बघितलेच पाहिजे.

पुढे तोंडावाटे दुर्बीण आत सोडून पित्ताच्या मुख्य नळीत स्टेंट, म्हणजे एक लहानशी प्लास्टिकची नळी, बसविली. तिच्यामुळे पित्ताला सरळ वाट मिळाली आणि गळती आपोआप भरून आली. दोन महिन्यांनी ती नळी तशीच तोंडावाटे काढून घेतली. जाऊबाई आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सगळे सांगायला त्यांची परवानगी आहे.

पण गोष्ट इथेच संपत नाही. आमच्या दुखण्याची वार्ता आळीत पसरली आणि दोघीजणींनी ठरलेली ऑपरेशने रद्द केली. एकीचे खडे दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडले होते, आणि त्यांनी तिला कधी त्रास दिलेला नव्हता. अशा खड्यांना बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही, त्यामुळे तिचे ठीक झाले. दुसरीला तीनदा कळ येऊन गेली होती. तिने चार महिने अंगावर काढले. एक खडा घरंगळून नळीच्या तोंडाशी अडकला, स्वादुपिंडाला सूज आली, आणि तिला नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. ती वाचली. एक बाई ऑपरेशनानंतर बोलली नाही म्हणून संकटात आली, आणि दुसरी ऑपरेशनाला भ्याली म्हणून. या दोन्ही गोष्टी आपल्याच आळीतल्या, आणि म्हणूनच मी हा विषय घेतला.

आता काय काय होऊ शकते ते क्रमाने सांगते.

पहिले, देठातून किंवा यकृताच्या अंगच्या बारीक नळीतून पित्त गळणे. ते मी सांगितलेच. बहुधा पहिल्या आठवड्यात कळून येते.

दुसरे आणि सर्वांत गंभीर, मुख्य पाटालाच इजा होणे. सूज फार असली की पिशवीचा देठ आणि मुख्य नळी एकमेकींना चिकटतात, आणि एक समजून दुसरी कापली जाऊ शकते. उघड्या ऑपरेशनात हे हजारी एक-दोन आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात हजारी तीन ते पाच, असे आकडे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. जिथे काळजीने काम होते तिथे ते आता खाली आले आहेत. १९९५ साली अमेरिकेतल्या डॉक्टर स्ट्रासबर्ग यांनी त्यासाठी नियम मांडला. जागा पुरती साफ करायची, पिशवीचा बूड यकृतापासून सोडवायचा, आणि पिशवीत दोनच गोष्टी जाताना स्पष्ट दिसल्या, एक देठ आणि एक रक्तवाहिनी, तरच कापायचे. नाही दिसल्या तर थांबायचे. नळीला मोठी इजा झालीच तर आतडे वर आणून तिला जोडावे लागते, आणि ते काम त्यातल्या अनुभवी सर्जननेच करावे.

तिसरे, रक्तस्राव, किंवा भोक पाडताना आतड्याला अगर रक्तवाहिनीला लागणे. हे विरळा, पण ते लगेच ओळखावे लागते.

चौथे, नळीत खडा राहून जाणे. पिशवीत खडे असलेल्या शंभरातल्या दहा-पंधराजणींच्या मुख्य नळीतही खडा असतो. पिशवी गेली तरी तो मागे राहतो आणि पुढे कावीळ, कळ किंवा ताप आणतो. म्हणून ऑपरेशनाआधी रक्तात काविळीची तपासणी करतात, आणि शंका आल्यास नळीचा एम.आर.आय. काढतात.

पाचवे, जखम चिघळणे. साधी चिघळली तर आठवडाभरात कळते. दुसरा एक प्रकार आपल्या देशात बघायला मिळतो. भोक वरून भरून येते आणि महिन्या-दीड महिन्याने तिथे गाठ येते, पाणी येते, साध्या औषधाने बरे वाटत नाही. हे क्षयरोगाच्या जंतूंच्या नात्यातले जंतू असतात. हत्यारे नीट निर्जंतुक न झाल्याने किंवा अशुद्ध पाण्याने ते शिरतात. त्याला काही महिने औषध घ्यावे लागते. नुसती मलमपट्टी करीत बसू नये, तपासणी मागावी.

सहावे, बेंबीजवळच्या भोकातून पुढे हर्निया होणे. सातवे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे. त्यासाठीच सिस्टर लवकर चालायला लावतात. त्यांच्यावर रागावू नये. आठवे, काहीजणींना जेवल्याबरोबर शौचाला जावे लागते. बहुधा ते हळूहळू कमी होते. एकदम तुपकट जेवण न घेता थोडे थोडे खावे.

आणखी एक. कधी दुर्बिणीने सुरुवात करून डॉक्टर पोट उघडतात. आपण म्हणतो, ‘ऑपरेशन बिघडले.’ पुष्कळदा तसे नसते. आत नीट दिसत नाही म्हणून सुरक्षितपणासाठी उघडणे हा शहाणपणा आहे. शंभरात सुमारे पाचजणींच्या बाबतीत असे घडते. काही वेळा पिशवीचा चिकटलेला भाग तसाच ठेवून बाकीची काढतात. त्या डॉक्टरांचे आभार मानावेत.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते.

ऑपरेशनाआधी तीन प्रश्न विचारावेत. नळीत खडा आहे का, हे बघितले का? नीट न दिसल्यास पोट उघडण्याची तयारी आहे का? आणि घरी गेल्यावर रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरावर कोण बोलेल? आपणही सगळे खरे सांगावे. मधुमेह, रक्त पातळ होण्याची गोळी, आधीचे सिझेरियन, काही लपवू नये.

घरी येताना तीन गोष्टी घ्याव्यात. एक, काय केले ते लिहिलेला कागद. दोन, काढलेली पिशवी तपासायला पाठविली असल्याची खात्री, आणि नंतर तो रिपोर्ट. क्वचित त्यात कर्करोग सापडतो, आणि तो वेळीच कळलेला बरा. खडे बाटलीत घालून घरी आणून दाखविण्यापेक्षा हा कागद मोलाचा. तीन, स्टेंट घातला असेल तर तो काढण्याची तारीख. बरे वाटू लागले की बाया ही नळी विसरतात. ती आत महिनोन् महिने राहिली तर तुंबते आणि ताप-कावीळ आणते. जाऊबाईंची तारीख आम्ही देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरावर तांबड्या शाईने लिहिली होती.

आणि घरी आल्यावरचा नियम एकच आहे. रोज कालच्यापेक्षा बरे वाटले पाहिजे. एखादा दिवस उलटा गेला, दुखणे वाढले, तर तो ग्यास समजू नये. ताप, थंडी, फुगलेले पोट, थांबत नाहीत अशा उलट्या, पिवळे डोळे, चहासारखी लघवी, पांढरट शौच, भोकातून पिवळे-हिरवे पाणी, धाप, एका पायाला सूज, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फोनवरच्या उत्तराने समाधान झाले नाही तर जाऊन उभे राहावे. तिथे कोणी बघत नसेल तर दुसरीकडे जावे.

भगिनींनो, अंगावर काढणे हा आपल्यात गुण मानला जातो. पाहुणे गेल्यावर बघू, मुलांची परीक्षा झाल्यावर बघू, सण झाल्यावर बघू. पोटात गळणारे पित्त सणाची वाट बघत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ‘तू जा, मी बघते’ एवढे म्हटले तर सुनेचा जीव वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या सासूबाईंचा मान त्या रात्रीपासून माझ्या मनात दुप्पट झाला.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. कोणी सभासद दवाखान्यातून घरी आली की आपण भेटायला जातोच. नारळ नेतो, फळे नेतो, तासभर बसतो आणि तिलाच चहा करायला उठवतो. यापुढे तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी दोघींनी जावे, चहा स्वतः करावा, आणि तिला चार प्रश्न विचारावेत. कालच्यापेक्षा दुखणे कमी आहे का? जेवण जाते का? ताप आहे का? डोळे व लघवी यांचा रंग कसा आहे? उत्तर मनासारखे नसेल तर घरातल्या माणसांना स्पष्ट सांगावे आणि गाडीची सोय होईतो तिथून हलू नये. याला पैसा लागत नाही. चिटणीसबाईंनी पाळ्या लावल्या तर पहिल्या महिन्यासाठी माझे आणि जाऊबाईंचे नाव लिहून घ्यावे.

 कोणाला काही विचारायचे असेल तर वही माझ्याजवळ आहे, घरी केव्हाही यावे.